पुरस्काराच्या बातमीत राष्ट्राचा कौल शोधणाऱ्या संपादकांस

मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्या आणि परदेशी बातम्यांची पानं सांभाळणाऱ्या संपादकांस,

स.न.वि.वि.

थेट मुद्द्यावर येतो. स्वतंत्र राष्ट्राची मागणी जिथे जोरात आहे अशा प्रदेशातल्या एखाद्या लेखकाला मोठा पुरस्कार मिळाला, की आपल्या पुरवण्यांमधला सूर ठरलेला असतो. 'अमुक जनतेच्या आकांक्षांचा गौरव', 'तमुक राष्ट्राच्या आवाजाला जगाची दाद'. मग त्याच आठवड्यात परदेशाच्या पानावर कुठल्याशा चाचणीचा आकडा येतो. ४५ टक्के हो म्हणाले, ४८ टक्के नाही म्हणाले. त्यावर अग्रलेख उभा राहतो, की जनतेने स्वातंत्र्य नाकारलं. किंवा वाऱ्याची दिशा उलटी असेल तर, जनता स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आहे. पुरस्काराने आकड्याला पाठबळ द्यायचं आणि आकड्याने पुरस्काराला, असा हा कारभार चालतो.

माझं म्हणणं एवढंच, की पुरस्कार म्हणजे मोजक्या माणसांनी, दुसऱ्या कुणीतरी घालून दिलेल्या नियमांत राहून, बंद दाराआड घेतलेला निर्णय. जनमताचा आकडा म्हणजे कुणीतरी ठरवलेल्या प्रश्नाला, कुणीतरी ठरवलेल्या लोकांनी दिलेलं उत्तर. दोन्हीकडे निकालाच्या आधी नियम येतात. आपण नियम गाळतो आणि निकाल छापतो. नुसत्या निकालावरून राष्ट्राच्या मनातलं काही कळत नाही.

जुन्या उदाहरणापासून सुरुवात करतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो. १९२३ साली आयरिश कवी येट्स यांना नोबेल मिळालं. स्वीडिश अकादमीने मानपत्रात म्हटलं, की त्यांची कविता एका संपूर्ण राष्ट्राच्या आत्म्याला वाचा फोडते. येट्स यांनीही हा सन्मान नम्रपणे आयरिश साहित्याच्या पदरात टाकला आणि युरोपने नव्या आयरिश मुक्त राज्याचं केलेलं हे स्वागत आहे असं मानलं. छान झालं. पण 'संपूर्ण राष्ट्र' त्या वर्षी काय करत होतं? १९२१ च्या डिसेंबरात ब्रिटनशी झालेल्या तहावरून आयर्लंडमध्ये जून १९२२ ते मे १९२३ यादवी चालली. कालपर्यंत एका बाजूने लढलेली माणसं एकमेकांना गोळ्या घालत होती. ऑगस्ट १९२३ च्या निवडणुकीत, म्हणजे नोबेलच्या घोषणेच्या जेमतेम तीन महिने आधी, तह आणि त्यातून जन्मलेलं राज्य दोन्ही न मानणाऱ्या पक्षाला १५३ पैकी ४४ जागा आणि सुमारे २७ टक्के मतं मिळाली. त्यांचे नेते डी व्हॅलेरा प्रचारसभेतच पकडले गेले होते. आणि येट्स? ते डिसेंबर १९२२ पासून त्या मुक्त राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. म्हणजे वादातल्या एका बाजूचे.

येट्स यांच्या कवितेला यातून काही बाधा येत नाही. नोबेल त्यांना शोभूनच दिसतं. प्रश्न मानपत्रातल्या त्या वाक्याचा आहे. ते लिहिणारे अकादमीचे सदस्य अठरा, आणि सगळे स्वीडिश. नावं सुचवण्याचा हक्क आधीच्या विजेत्यांना, साहित्याच्या प्राध्यापकांना, इतर देशांच्या अकादम्यांना आणि लेखक-संघांच्या अध्यक्षांना. त्यातून एक छोटी समिती यादी कापत आणते, आणि पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त ज्याला मिळतील तो विजेता. कुणी कुणाचं नाव सुचवलं, समितीत काय बोलणं झालं, हे सगळं ५० वर्षं कुलूपबंद. या यंत्रणेत आयर्लंडच्या मतदाराला कुठेच जागा नव्हती, असण्याचं कारणही नव्हतं. पण 'संपूर्ण राष्ट्र' हे शब्द मात्र तिथून आले, आणि आजही येट्स यांच्यावरच्या लेखांत ते जसेच्या तसे उतरवले जातात.

आता कॅटलोनियाकडे, म्हणजे स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या प्रदेशाकडे येतो. इथे मला जरा जास्त वेळ लागेल, कारण पुरस्कार आणि स्वातंत्र्याची मागणी एकमेकांत इतकी गुंतलेली दुसरी जागा मला माहीत नाही.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत तिथल्या कॅटलान भाषेला शाळा, कचेऱ्या, न्यायालयं सगळीकडून हुसकावलेलं होतं. अशा काळात, १९६१ साली, बार्सिलोनातल्या काही उद्योजकांनी भाषा आणि संस्कृती जपण्यासाठी 'ओम्नियम कल्चरल' नावाची संस्था काढली. राजवटीने १९६३ मध्ये ती बंद पाडली. १९६७ मध्ये तिला पुन्हा मान्यता मिळाली. १९६९ पासून ही संस्था कॅटलान साहित्याचा सन्मान-पुरस्कार देऊ लागली. एखाद्या लेखकाच्या उभ्या हयातीच्या कामासाठी दिला जाणारा हा पुरस्कार कॅटलान साहित्यातला सर्वोच्च मानला जातो. अप्रकाशित कॅटलान कादंबरीसाठीचा 'सांत जॉर्डी' पुरस्कारही तिच्याशी जोडलेला आहे, आणि तो डिसेंबरात सांता लुसियाच्या रात्री एका मोठ्या समारंभात जाहीर होतो. ज्या भाषेला राज्य नाही, तिला राजमान्यता देण्याचं काम एका खासगी संस्थेने पुरस्कारांमार्फत केलं. याबद्दल मला आदरच आहे.

हीच संस्था पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीतली सगळ्यात मोठ्या संघटनांपैकी एक झाली. जून २०१० मध्ये स्पेनच्या घटना न्यायालयाने कॅटलोनियाच्या स्वायत्ततेच्या कायद्यातली कलमं छाटली, तेव्हा जुलैत बार्सिलोनात निघालेल्या प्रचंड मोर्चाची हाक ओम्नियमची होती. 'आम्ही एक राष्ट्र आहोत, निर्णय आमचा' ही मोर्चाची घोषणा. १ ऑक्टोबर २०१७ च्या, स्वातंत्र्यावरच्या सार्वमतानंतर पंधरा दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष जॉर्डी कुइशार्ट तुरुंगात गेले. २०१९ मध्ये त्यांना राजद्रोहासाठी नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि जून २०२१ मध्ये माफी मिळाली. म्हणजे २०१७ च्या डिसेंबरात सांता लुसियाची रात्र साजरी झाली आणि कादंबरीचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा यजमान संस्थेचा प्रमुख कोठडीत होता. त्या रात्रीच्या टाळ्या नुसत्या कादंबरीसाठी होत्या असं कोण म्हणेल?

आता दुसरी बाजू बघा. त्याच शहरात, दरवर्षी १५ ऑक्टोबरला, 'प्लानेता' पुरस्कार जाहीर होतो. तो स्पॅनिश भाषेतल्या अप्रकाशित कादंबरीसाठी. २०२१ पासून त्याची रक्कम दहा लाख युरो आहे, नोबेलच्या आसपासची. देणारा प्लानेता हा स्पॅनिशमधला सगळ्यात बलाढ्य प्रकाशन समूह. त्याच्या प्रमुखांनी २०१२ मध्येच बजावलं होतं, की कॅटलोनिया स्वतंत्र झाला तर आम्ही इथून मुक्काम हलवू. ऑक्टोबर २०१७ मध्ये, स्वातंत्र्याच्या घोषणेचं सावट येताच, समूहाने आपलं नोंदणीकृत कार्यालय माद्रिदला नेलं. पुरस्काराची मेजवानी मात्र बार्सिलोनातच राहिली. विजेत्या पुस्तकाचा प्रकाशक आणि पुरस्काराचा दाता एकच असल्यामुळे या पुरस्काराकडे साहित्यिक निवाडा म्हणून बघायचं की विक्रीचा शुभारंभ म्हणून, हा वाद स्पेनमध्ये जुना आहे. २००५ मध्ये परीक्षक असलेले कादंबरीकार हुआन मार्से यांनी आलेल्या हस्तलिखितांच्या दर्जाबद्दल उघड नापसंती दाखवली आणि परीक्षक मंडळ सोडलं.

एकाच शहरातले हे दोन पुरस्कार. एकाची संस्था स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेली, दुसऱ्याची कंपनी स्वातंत्र्याच्या धास्तीने शहर सोडून गेली. या दोहोंपैकी 'कॅटलोनियाचा आवाज' कोणता? आपल्या बातमीत जो विजेता येईल, तो.

खरी गंमत पुढे आहे. मार्से बार्सिलोनात जन्मले, बार्सिलोनावरच लिहीत राहिले, पण स्पॅनिशमध्ये. स्पॅनिश साहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा सर्वांतेस पुरस्कार त्यांना २००८ मध्ये मिळाला. कॅटलान साहित्याचा सन्मान-पुरस्कार त्यांना मिळणं शक्यच नव्हतं, कारण तो कॅटलानमध्ये लिहिणाऱ्यांसाठी आहे. उलट १९७५ मध्ये तो पुरस्कार मिळाला जुआन फुस्टर यांना. ते वॅलेन्सिया प्रांतातले, म्हणजे कॅटलोनियाच्या सीमेबाहेरचे. कॅटलान भाषा वॅलेन्सियात, बॅलेआरिक बेटांवर, फ्रान्समधल्या एका कोपऱ्यातही बोलली जाते, आणि पुरस्काराची सीमा भाषेबरोबर जाते. मतपेटी मात्र कॅटलोनियाच्या चार प्रांतांतच ठेवली जाते. म्हणजे पुरस्काराच्या राष्ट्रात फुस्टर आत आणि मार्से बाहेर; मतदार यादीच्या राष्ट्रात मार्से आत आणि फुस्टर बाहेर. 'राष्ट्र' म्हणून दोन्हीकडे बोट दाखवलं जातं, पण त्यातली माणसं वेगळी आहेत. आपण जेव्हा पुरस्कारावरून जनमत वाचतो, तेव्हा एका यादीतल्या माणसांच्या तोंडी दुसऱ्या यादीतल्यांचं उत्तर घालतो.

जोसेप प्ला यांचं नावही इथे घ्यायला हवं. विसाव्या शतकातल्या कॅटलान गद्याचा हा सगळ्यात वाचला गेलेला लेखक. सन्मान-पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही. स्पेनच्या यादवी युद्धात ते फ्रँकोच्या बाजूला गेले होते, आणि ते कुणी विसरलं नाही. यात पुरस्काराचं चुकलं की बरोबर, यावर तिकडे आजही तावातावाने बोललं जातं. मला त्या वादात पडायचं नाही. पण हा पुरस्कार केवळ गद्याची मोजदाद करत नव्हता, एवढं त्यातून लख्ख दिसतं. करावीच असं कुणी म्हटलंय? देणाऱ्याने आपले निकष लावावेत. वाचणाऱ्याने ते निकष माहीत करून घ्यावेत.

आता त्याच प्रदेशाचे आकडे. ९ नोव्हेंबर २०१४ च्या अनौपचारिक मतदानात ८० टक्क्यांहून जास्त लोक स्वातंत्र्याच्या बाजूने. १ ऑक्टोबर २०१७ ला ९० टक्के. नुसते हे दोन आकडे छापले तर चित्र स्पष्ट. पण २०१७ ला मतदान झालं सुमारे ४३ टक्के, न्यायालयाने बंदी घातलेल्या सार्वमतात, पोलीस मतपेट्या उचलून नेत असताना; आणि 'नाही' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक घरीच थांबले. त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या प्रांतिक निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांना ४७.५ टक्के मतं पडली आणि १३५ पैकी ७० जागा मिळाल्या. म्हणजे मतांत अल्पमत, जागांत बहुमत. ९० टक्के, ४७.५ टक्के आणि ५२ टक्के जागा, हे सगळं तीन महिन्यांच्या आतलं, एकाच जनतेचं. यातलं 'जनमत' कोणतं, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने निवडलं.

कॅटलान सरकारचं स्वतःचं जनमत केंद्र आहे. ते नियमितपणे एकाच पाहणीत दोन प्रकारे विचारतं. एक, कॅटलोनिया स्वतंत्र राज्य व्हावं का, हो की नाही. दुसरा प्रश्न चार पर्यायांचा: स्वतंत्र राज्य, संघराज्य स्पेनमधलं एक राज्य, आजच्यासारखा स्वायत्त प्रदेश, की नुसता एक प्रदेश. पहिल्या प्रश्नाला स्वातंत्र्याच्या बाजूने २०१७ च्या शरद ऋतूत ४९ टक्क्यांच्या जवळ लोक होते. २०२४ च्या मध्याला ते ४० च्या आसपास उतरले आणि 'नाही' पन्नाशीच्या पुढे गेलं. दुसऱ्या प्रश्नात मात्र स्वातंत्र्याचा आकडा नेहमीच काही अंकांनी कमी येतो. कारण उघड आहे. ज्यांना खरं तर संघराज्य हवं, त्यांना दोनच दारं दाखवली की त्यातले काही स्वातंत्र्याच्या दारातून आत येतात. तेच लोक, तोच दिवस, तीच मुलाखत, आणि उत्तरं दोन. मथळा कुठल्या उत्तराचा करायचा?

परीक्षकांच्या खोलीतही हेच घडतं, हे मी जवळून पाहिलंय. एका कादंबरी पुरस्कारासाठी आम्ही तिघं परीक्षक होतो. प्रत्येकाने आपापल्या पसंतीचा क्रम लावून आणायचा होता. कागद टेबलावर आले तर तिघांच्या पहिल्या क्रमांकावर तीन वेगळी पुस्तकं. माझं लाडकं पुस्तक दुसऱ्या परीक्षकाच्या यादीत नवव्या जागी, तिसऱ्याच्या यादीत नव्हतंच. तासभर आम्ही एकमेकांना पटवत राहिलो. चहा दोनदा आला. मग कुणीतरी बोट ठेवलं, की एक पुस्तक तिघांच्याही यादीत दुसरं आहे. तिघांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि सह्या केल्या. निवेदनात 'एकमताने' असा शब्द पडला, आणि तो खोटाही नव्हता. पण कुणालाच सर्वांत जास्त न आवडलेलं पुस्तक त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट ठरलं होतं. आम्हाला 'फक्त पहिली पसंती सांगा, फुटीर निकाल चालेल' असा नियम असता, तर ते पुस्तक शर्यतीतच नसतं. गुणांची बेरीज केली असती तर कदाचित आणखी वेगळंच पुस्तक आलं असतं.

मोठ्या पुरस्कारांत नियम जास्त काटेकोर असतात म्हणावं, तर तिथेही हट्ट चालतो. बुकर पुरस्काराचे पाच परीक्षक असतात. २०१९ मध्ये त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं की बक्षीस विभागून द्यायचं नाही. त्यांनी सरळ विभागून दिलं, मार्गारेट अ‍ॅटवुड आणि बर्नार्डिन एव्हरिस्टो यांना. सार्वमताच्या निवडणूक अधिकाऱ्याने असं काही केलं असतं तर?

बुकरच्या दारावर कोण उभं असतं, तेही बघायला हवं. पुस्तकं लेखक पाठवत नाहीत, प्रकाशक पाठवतात. मागच्या काही वर्षांत ज्या प्रकाशकाचं एकही पुस्तक दीर्घ यादीत आलेलं नाही, त्याला एकच पुस्तक पाठवता येतं. ज्याची वारंवार आली आहेत त्याला चारपर्यंत. म्हणजे ज्याच्या पदरी आधीच आहे त्याच्या पदरी आणखी. परीक्षकांच्या हातात जे येतं ते आधीच गाळून आलेलं असतं. चाचण्यांतही हा भाग असतोच: हजारेक माणसं निवडायची, फोन न उचलणाऱ्यांना वगळायचं, 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्यांना टक्केवारीतून काढायचं, मग उरलेल्यांना वय, शिक्षण आणि गेल्या वेळच्या मताप्रमाणे वजन द्यायचं. एवढं करूनही तीनेक टक्के इकडेतिकडे. ४९ चं ५१ झालं की आपल्याकडे 'बहुमत फिरलं' असा मथळा येतो. काही फिरलेलं नसतं.

स्कॉटलंडबद्दल आपल्याकडे बरंच लिहून येतं, म्हणून तिथली एकच गोष्ट सविस्तर सांगतो. २०१४ च्या सार्वमतासाठी तिथल्या सरकारने आधी सुचवलेला प्रश्न साधारण असा होता: 'स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?' निवडणूक आयोगाने तो लोकांवर तपासून पाहिला आणि सांगितलं, की 'सहमत आहात का' म्हटल्याने उत्तर होकाराकडे झुकतं. मग प्रश्न झाला: 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?' सरकारने हा बदल मुकाट्याने मान्य केला. १८ सप्टेंबरला ८४.६ टक्के मतदान झालं, ५५.३ टक्के नाही, ४४.७ टक्के हो. त्यानंतर आजवर 'हो'चा आकडा बराच काळ ४५ ते ५० च्या पट्ट्यात घुटमळतो आहे, २०२० च्या उत्तरार्धात तो पन्नाशीच्या वरही गेला होता. पण ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या संघटना आपल्या चाचण्यांत 'असावा का' असं विचारत नाहीत. 'ब्रिटनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं' असं विचारतात, आणि त्यांना ब्रिटनच्या बाजूने जास्त मोठा आकडा मिळतो. दोन्ही आकडे खरे. फक्त प्रश्न छापला नाही, तर वाचकाला वाटणार की एका महिन्यात देशाचं मन पालटलं.

आणि मतदार कोण होते? स्कॉटलंडमध्ये राहणारे. त्यात सोळा-सतरा वर्षांची मुलं होती, तिथे राहणारे युरोपीय संघाचे नागरिक होते. पण लंडनला किंवा अमेरिकेला गेलेले स्कॉटिश नव्हते. योगायोग असा, की त्याच २०१४ साली बुकरनेही राष्ट्रीयत्वाची अट काढली. तोवर राष्ट्रकुल, आयर्लंड आणि झिम्बाब्वेच्या लेखकांपुरता असलेला पुरस्कार इंग्रजीत लिहिणाऱ्या आणि ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या कुठल्याही देशाच्या लेखकाला खुला झाला. एकाने राहण्याचं ठिकाण धरलं, दुसऱ्याने भाषा आणि प्रकाशनाची जागा. जन्म दोघांनीही सोडून दिला. २०२० मध्ये डग्लस स्टुअर्ट हा ग्लासगोत वाढलेला लेखक बुकर जिंकला, तेव्हा तो कित्येक वर्षं न्यूयॉर्कमध्ये राहत होता. त्याच्या कादंबरीला मिळालेल्या मानाला 'स्कॉटिश जनतेचा आवाज' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, की २०१४ च्या नियमाने परदेशी राहणाऱ्या स्कॉटिश माणसाला मतच नव्हतं.

त्याच्या आधी बुकर मिळवणारा स्कॉटिश लेखक एकच, १९९४ चा जेम्स केलमन. ग्लासगोच्या कामगार वस्तीची बोली त्याने मागेपुढे न बघता कादंबरीभर वापरली. पाच परीक्षकांपैकी ज्युलिया न्यूबर्गर यांनी निकालानंतर जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. वर्तमानपत्रांतल्या काहींनी शिव्या मोजल्या. केलमनने समारंभात सांगितलं, की माझ्या संस्कृतीला आणि माझ्या भाषेला अस्तित्वाचा हक्क आहे, आणि तो नाकारण्याचा अधिकार कुणालाही नाही. हे राजकीय विधान होतं, आणि पुढे २०१४ मध्ये तो स्वातंत्र्याच्या बाजूने उभाही राहिला. पण त्या रात्री तो बोलत होता ते आपल्या माणसांबद्दल, आणि बक्षीस देत होते ते पाच परीक्षक, ज्यांचं आपसांतही जमलं नव्हतं. केलमनचं विधान केलमनचं म्हणून छापावं. ते पुरेसं वजनदार आहे; त्याला जनमताचा टेकू लागत नाही.

क्यूबेक या कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांताचं थोडक्यात सांगतो. कॅनडात गव्हर्नर जनरलच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात. हा पदाधिकारी ब्रिटिश राजमुकुटाचा प्रतिनिधी. ह्युबर्ट आक्वँ या फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या कादंबरीकाराने, जो क्यूबेकच्या स्वातंत्र्याचा कार्यकर्ता होता, १९६९ मध्ये तो पुरस्कार नाकारला. १९७२ मध्ये मात्र क्यूबेक सरकारचा आतानाज-डेव्हिड पुरस्कार त्याने घेतला. लेखक तोच, पुस्तकांचा दर्जा तोच. बदलला तो देणारा. पुरस्कारात देणाऱ्याचं नाव किती महत्त्वाचं असतं हे त्याला कळत होतं. आपल्या बातम्यांत मात्र रक्कम ठळक, विजेत्याचा फोटो मोठा, आणि दाता शेवटच्या ओळीत.

तिथलंच १९९५ चं सार्वमत आठवतं का? प्रश्नात लिहिलं होतं, की कॅनडाला नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा औपचारिक प्रस्ताव दिल्यानंतर क्यूबेक सार्वभौम व्हावा, याला तुमची संमती आहे का. शिवाय एका विधेयकाचा आणि एका कराराचा हवाला त्याच वाक्यात. ९३ टक्क्यांहून जास्त मतदान, आणि ५०.५८ टक्के नाही, ४९.४२ टक्के हो असा निकाल. फरक ५४,२८८ मतांचा. 'हो' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना नवा देश हवा होता आणि किती जणांना भागीदारी, हे त्या मतपत्रिकेवरून सांगता येत नाही. कॅनडाच्या संसदेने पुढे २००० मध्ये कायदाच केला, की प्रश्न स्पष्ट हवा आणि बहुमतही स्पष्ट हवं. स्पष्ट म्हणजे किती टक्के, ते मात्र कायद्यात लिहिलं नाही. राजकारण्यांना कुठे थांबायचं ते बरोबर कळतं.

आता मागणी. ती फार मोठी नाही. पुरस्काराची बातमी करताना पहिल्याच परिच्छेदात सांगा, की देणारा कोण आहे, कुठल्या भाषेतल्या आणि कुठल्या सीमेतल्या पुस्तकांना तो मिळू शकतो, परीक्षक किती, आणि निवडीसाठी पुस्तकं कुणी पाठवली. जनमताची बातमी करताना प्रश्न जसाच्या तसा मराठीत द्या, पर्याय किती होते ते द्या, विचारणाऱ्या संस्थेचं नाव आणि तिचा कल माहीत असेल तर तोही द्या. सार्वमत असेल तर मतदानाची टक्केवारी निकालाच्या आकड्याला चिकटूनच द्या, आतल्या पानावर नको. जागा नाही म्हणाल. विजेत्याच्या बालपणीच्या हलाखीला दोन कॉलम मिळतात, त्यातल्या सहा ओळी इकडे वळवा.

आणि हो, 'राष्ट्राचा आवाज' ही शब्दयोजना निदान वर्षभर तरी बाजूला ठेवून पाहा. उपसंपादकांना जड जाईल, कारण मथळ्याच्या मापात ती नेमकी बसते. पण येत्या १५ ऑक्टोबरला बार्सिलोनात दहा लाख युरोंचा विजेता जाहीर होईल आणि डिसेंबरात त्याच प्रदेशात सांता लुसियाची रात्र उजाडेल, तेव्हा दोन्ही बातम्या एकाच पुरवणीत, एकाच मापाच्या चौकटीत छापून बघा. माझी हरकत फक्त एकच छापून दुसरी गाळण्याला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक आणि अधूनमधून परीक्षक